एकाच अक्षरातले तीन कागद

"सीडी भेटनी का भाऊ?" केवळबाईंनी काउंटरच्या काचेपलीकडून विचारलं. त्या बुधवारी सकाळी तिसऱ्यांदा.

"अक्का, सही व्हायची आहे."

"कोनी सही?"

"डॉक्टरसाहेबांची."

"साहेब कोठे शेतस?"

"बाहेरगावी. कॉन्फरन्स आहे."

त्यांनी मान हलवली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्या नातेवाइकांशी कसं बोलायचं हे मला येतं. धुळ्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये मी एकोणीस वर्षं अॅडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर आहे. गप्प बसून राहणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, ते मात्र मला अजून नीट येत नाही.

केवळबाई शिंदखेडा तालुक्यातल्या. त्यांचे मालक नामदेव आबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर. छातीत दुखतं म्हणून आमच्याकडे अॅडमिट झाले. सोमवारी त्यांची अँजिओग्राफी झाली. हातातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यातून डाय सोडतात. डाय म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव. तो कुठे अडतो ते पाहून ब्लॉक कळतो. या सगळ्याचं चित्रण होतं आणि ते सीडीवर उतरवतात. कागदावरच्या रिपोर्टमध्ये त्याचा फक्त सारांश असतो. ऑपरेशन करणारा सर्जन रिपोर्टवर भागवत नाही, त्याला चित्रण बघायचं असतं.

आबांना तीन ब्लॉक निघाले. आमचे डॉक्टरसाहेब, म्हणजे हॉस्पिटलचे मालक, म्हणाले दोन ठिकाणी स्टेंट टाकू, तिसऱ्याचं औषधावर बघू. घरच्यांना कुणीतरी बायपास सुचवलं होतं. आमच्याकडे बायपास होत नाही. जळगावला होतं, आणि राज्य सरकारच्या ज्या आरोग्य योजनेत आबांची अँजिओग्राफी फुकट झाली, त्याच योजनेत तेही बसत होतं. आबांची बहीण जळगावला राहते. मंगळवारी केवळबाई पहिल्या गाडीने तिकडे जाऊन रिपोर्ट दाखवून आल्या. दुपारी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"जळगावना डॉक्टर म्हणतस, सीडी लई या. नहीत परत नळी टाकनी पडी. आबानी किडनी कच्ची शे, परत ती दवाई नको म्हणतस."

हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आबांचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट माझ्याच टेबलावरून योजनेच्या पोर्टलवर गेला होता. रक्तातला हा आकडा वाढला की मूत्रपिंड थकलंय असं समजायचं. आबांचा वाढलेला होता, आणि डायचा भार मूत्रपिंडावरच पडतो.

तरी मी म्हणालो, सही व्हायची आहे.

आमच्याकडे सीडीचं एक रजिस्टर आहे. पेशंटचं नाव, तारीख, कुणाला दिली आणि शेवटच्या रकान्यात डॉक्टरसाहेबांची सही. ही पद्धत कधी सुरू झाली ते मला आठवत नाही. कारण मात्र माहीत आहे. सीडी घेऊन गेलेला पेशंट बहुतेक वेळा परत येत नाही. हे कुणी कुणाला सांगितलेलं नाही. हॉस्पिटलमध्ये बऱ्याच गोष्टी न सांगता माहीत असतात.

मंगळवारी संध्याकाळी मी साहेबांना फोन केला.

"सर, ते नामदेव आबा सीडी मागताहेत."

"कशाला?"

"जळगावला दाखवायचीय."

"हं. योजनेच्या क्लेमचं काय झालं? पैसे आले?"

"अपलोड केलंय. अप्रूव्हल पेंडिंग आहे."

"मग होऊ दे ना. ओरिजिनल देऊ नको, योजनेचं ऑडिट असतं."

"कॉपी देऊ का, सर?"

"अरे पाटील, मी नाही म्हणतोय का? आल्यावर बघू म्हटलं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. योजनेचा नियम सांगतो, रेकॉर्ड सांभाळा. राज्याचा शुश्रूषागृहांचा कायदा, म्हणजे आमच्यासारख्या खासगी दवाखान्यांसाठीचा कायदा, सांगतो की पेशंटने मागितली तर रेकॉर्डची प्रत द्या. साहेब नाही म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत. तिघांपैकी कुणाचंच म्हणणं चुकीचं नव्हतं. मला वाटलं मी काहीतरी वाचायचं विसरलोय. मी परिपत्रकांची फाइल काढून पुन्हा वाचली. जास्तच गोंधळलो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं लिहिण्यात अर्थ नाही. कॉपी झालेली होती. घरचे जळगावचं नाव काढू लागले तेव्हा, सोमवारीच, टेक्निशियनला सांगून मी ती काढून घेतली होती. दहा मिनिटांचं काम. पाकिटावर आबांचं नाव घालून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती, सही झाली की लगेच देता यावी म्हणून. स्वतःच्या तत्परतेचं मला बरं वाटलं होतं.

बुधवारी सकाळी केवळबाईंच्या शेजारी बाकावर दोंडाईच्याचे एक शेठ येऊन बसले. कापडाचं दुकान. त्यांचे मोठे भाऊ आमच्या वॉर्डात होते. शेठ बोलका माणूस. वेळ जात नव्हता म्हणून भिंतीवरचा बोर्ड मोठ्याने वाचायला लागले.

त्या बोर्डाबद्दल सांगायला हवं. कायद्याच्या नव्या नियमांनी प्रत्येक दवाखान्यात रुग्ण हक्कांची सनद लावणं बंधनकारक केलं. दर काय आहेत ते लावायचे, हक्क काय आहेत ते लावायचे, आणि तक्रार ऐकायला एक अधिकारी नेमून त्याचं नाव लावायचं. बोर्ड मीच करून घेतला होता. फ्लेक्स नको, चांगला अॅक्रिलिकचा कर म्हणून पेंटरच्या मागे लागलो होतो.

"रुग्णास आपल्या उपचारांच्या नोंदींची प्रत मिळण्याचा हक्क आहे," शेठ वाचत होते. "बघा अक्का, तुमचीच गोष्ट लिहिली आहे. आणि खाली, तक्रार असल्यास..." त्यांनी नाव वाचलं.

केवळबाई उठून काचेशी आल्या.

"भाऊ, या तक्रारना साहेब कोठे बठतस?"

मी म्हणालो, "अक्का, मीच."

"आन सीडी देतस नही त्या?"

"तेही... मीच."

शेठ मागून हसले. "अरे वा! साहेब, माझ्या दुकानात गिऱ्हाइकाने तक्रार केली तर मी निदान गल्ल्यावर भावाला बसवतो. तुम्ही तर तेवढी पण तकलीफ घेत नाही."

बाकावरचे दोन-चार लोक हसले. केवळबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग मनी तक्रार लिखी ल्या."

"लेखी द्यावी लागेल, अक्का."

"माले लिखता येस नही. तुम्हीच लिखी द्या."

आणि मी लिहिली. खोटं सांगत नाही, मनापासून लिहिली. त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. त्या सांगत होत्या आणि मी चांगल्या मराठीत उतरवत होतो. 'माझ्या पतीच्या मूत्रपिंडाची अवस्था नाजूक असल्याने अँजिओग्राफी पुन्हा करणे धोक्याचे आहे, सबब सीडीची प्रत तातडीने मिळावी.' 'तातडीने' खाली रेघ पण मीच मारली. वाचून दाखवली. त्यांनी अंगठा उमटवला. मी आवक नंबर टाकला आणि त्यांना पोच दिली. पोच त्यांनी पदराच्या गाठीत बांधली. त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा जरा हायसं दिसलं. मलाही वाटलं, चला, काम मार्गी लागलं.

तक्रार आली की संबंधित विभागाचा खुलासा घ्यायचा, असं आमच्या एसओपीत आहे. एसओपी म्हणजे कामाची ठरलेली पद्धत. तीही मीच लिहिलेली. संबंधित विभाग म्हणजे रेकॉर्ड, आणि रेकॉर्डचा इन्चार्ज मी. म्हणून दुपारी मी खुलासा लिहिला. 'योजनेच्या ऑडिटकरिता मूळ सीडी देता येत नाही. प्रत देण्यास हरकत नाही. तथापि वरिष्ठांची मान्यता आवश्यक आहे.' मग तक्रार अधिकारी म्हणून तो खुलासा वाचला आणि तिसरा कागद लिहिला. 'खुलासा समाधानकारक आहे. वरिष्ठांची मान्यता प्राप्त होताच प्रत द्यावी. तक्रार निकाली.'

तिन्ही कागद एका पंचने टोचून फाइलला लावले. पाकीट माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतं. त्या दिवशी मला यात काहीही चमत्कारिक वाटलं नाही. हे मी आज लिहितोय तेव्हा मलाच खरं वाटत नाही, पण तसंच झालं.

गुरुवारी केवळबाईंनी डिस्चार्ज मागितला. आरएमओने, म्हणजे हॉस्पिटलमध्ये चोवीस तास असणाऱ्या डॉक्टरने, सही केली. माणूस सोडायला आरएमओची सही चालत होती. सीडी सोडायला चालत नव्हती. गाडीत बसताना आबा मला म्हणाले, "येतो पाटीलभाऊ. सीडी आली की कळवा." मी हो म्हणालो. ड्रॉवरमधली गोष्ट ओठांवर आली होती. सांगितली असती तर देऊन टाकावी लागली असती, म्हणून सांगितली नाही.

शुक्रवारी दुपारी साहेब आले. मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी न वाचता सही केली.

"दिली का?"

"ते काल गेले, सर. जळगावला."

"बरं," म्हणाले आणि ओपीडीत गेले.

शनिवारी सकाळी मी स्वतः पाकीट घेऊन जळगावला गेलो. केवळबाई आयसीयूच्या बाहेर नणंदेबरोबर बसल्या होत्या. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"भाऊ, हाई आते काय कामनं? काल व्हई गयं ना."

शुक्रवारी आबांना पुन्हा दुखायला लागलं होतं. थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती. जळगावच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी परत केली. शनिवारी क्रिएटिनिन दुपटीच्या वर गेलं. लघवी कमी झाली. बायपास पुढे ढकललं आणि डायलिसिस सुरू झालं.

मी त्या डॉक्टरांना भेटलो. विचारलं, "सीडी असती तर हे टळलं असतं का?"

ते तरुण होते, सरळ होते. म्हणाले, "सांगता येत नाही. किडनी आधीच डॅमेज होती. पहिल्या डायचाही परिणाम असेल. सीडी असती तर मी दुसऱ्यांदा केली नसती, एवढं नक्की."

या उत्तराचं काय करायचं ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मी दोषी ठरलो असतो आणि 'नाही' म्हटलं असतं तर सुटलो असतो. त्यांनी दोन्ही केलं नाही.

बायपास पुढे झालं, नीट झालं. डायलिसिस थांबलं नाही.

चारेक महिन्यांनी ग्राहक आयोगाची नोटीस आली. दोंडाईच्याच्या शेठनी केवळबाईंना आयोगाचा रस्ता दाखवला होता. शेठ मला नंतर म्हणाले, "गिऱ्हाइकांनी मला तीन वेळा तिथे खेचलंय, साहेब. कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो, तोंडपाठ आहे. पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आलं."

आमच्या वकिलांनी साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग घेतली. त्यांचा पहिला मुद्दा होता की आबा ग्राहकच नाहीत. ग्राहक म्हणजे मोबदला देऊन सेवा घेणारा. आबांनी एक रुपया दिलेला नाही, योजनेत फुकट उपचार घेतले. "मग ग्राहक कसले?" वकील म्हणाले. साहेबांना हे पटलं. मलाही क्षणभर पटलं. मग वाटलं, आबा ग्राहक नाहीत, तर आम्ही चार दिवस कोणाचा क्लेम अप्रूव्ह व्हायची वाट बघत होतो?

दुसरा मुद्दा होता की कॉपी काढायचं मशीन त्या आठवड्यात बंद होतं. माझ्या नावाने तसं प्रतिज्ञापत्र तयार होतं.

मी म्हणालो, "सर, मशीन चालू होतं."

साहेब म्हणाले, "पाटील, मशीन कधीतरी बंद असतंच की."

वकील म्हणाले, "टेक्निकल गोष्ट आहे. कोण बघतंय?"

मी सही केली. पेन त्यांचं होतं, सही माझी होती. हे टाळून ही गोष्ट सांगता येत नाही. दबाव होता असं म्हणता येईल. पण कुणी आवाजसुद्धा चढवला नव्हता. समोर कागद आला की सही करायची, ही एकोणीस वर्षांची सवय होती.

सुनावणीला आयोगाच्या सदस्य मॅडमनी ग्राहक नसल्याचा मुद्दा दोन मिनिटांत बाजूला ठेवला. म्हणाल्या, "सेवा यांनी घेतली, मोबदला यांच्यासाठी सरकारने भरला. सेवा फुकट झालेली नाही, वकीलसाहेब. तुम्हाला पैसे मिळालेत." मग त्यांनी केवळबाईंनी जोडलेले कागद काढले. तक्रारीची प्रत आम्ही त्यांना दिली होती, आणि सनदेप्रमाणे खुलासा आणि निर्णयाच्या प्रतीही पोस्टाने पाठवल्या होत्या. मीच पाठवल्या होत्या.

मॅडमनी तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. चष्मा सारखा केला.

"ही तक्रार कुणी लिहिली?"

"मी, मॅडम. त्यांना लिहिता येत नाही."

"खुलासा?"

"मी."

"आणि 'खुलासा समाधानकारक आहे' हे?"

"मीच."

"म्हणजे तुमचा खुलासा वाचून तुमचं समाधान झालं."

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मी खाली बघत होतो. केवळबाई पहिल्या बाकावर होत्या, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मॅडमनी प्रतिज्ञापत्र उचललं. "इथे तुम्ही म्हणता मशीन बंद होतं. पण खुलाशात लिहिलंय, प्रत देण्यास हरकत नाही. मशीन बंद होतं, तर हरकत नाही कशी?"

वकील उठले, "मॅडम, त्याचा अर्थ असा..."

"मी यांना विचारते आहे."

मला वाटलं होतं, खरं बोलायचा क्षण आला की आपल्या छातीत काहीतरी मोठं होईल. तसं काही झालं नाही. मी म्हणालो, "मॅडम, मशीन चालू होतं. कॉपी सोमवारीच झाली होती. माझ्या ड्रॉवरमध्ये होती."

"चार दिवस?"

"शनिवारपर्यंत. पाच."

"मग दिली का नाही?"

"सही व्हायची होती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. नोंद घेणाऱ्या बाईंनी मान वर करून विचारलं, "हे लिहू का?" मॅडम म्हणाल्या, "जसंच्या तसं लिहा."

खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल आयोगाने मला सक्त ताकीद दिली. ती माझ्या नावासकट निकालात आहे. नोंदींची प्रत न देणं ही सेवेतली त्रुटी ठरली आणि हॉस्पिटलला भरपाई द्यावी लागली. मात्र आबांचं मूत्रपिंड त्यामुळेच गेलं, हे सिद्ध झालेलं नाही, असंही त्याच निकालात लिहिलं आहे. ती दोन वाक्यं एकाखाली एक आहेत. मी ती पुष्कळदा वाचली. पहिलं वाचलं की मान खाली जाते, दुसरं वाचलं की थोडी वर येते, आणि वर आल्याची लाज वाटते.

तक्रार ऐकणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, एक नसावा, असंही आयोगाने सांगितलं. आता तक्रार अधिकारी म्हणून साहेबांच्या सूनबाई आहेत. बोर्डावर त्यांचं नाव आलं. पेंटरने माझ्या नावावर पट्टी चिकटवली. साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. कामावरून काढलं नाही. योजनेचं पोर्टल दुसऱ्या कुणाला जमत नाही.

निकालानंतर मी आबांच्या गावी गेलो. आठवड्यातून दोनदा ते डायलिसिसला धुळ्याला येतात. त्या दिवशी वार नव्हता. ओट्यावर खाटेवर बसले होते. पाय सुजलेले. केवळबाईंनी पाणी दिलं आणि उंबऱ्यात बसल्या.

मी सगळं सांगितलं. पाकीट, सोमवार, ड्रॉवर. त्यांना आयोगातून ते कळलंच होतं, पण मला स्वतः सांगायचं होतं. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे मी गाडीत बसलो तेव्हा ती तुमच्याकडे होती."

"हो, आबा."

"आणि ते डॉक्टर द्यायची नाही म्हणाले होते?"

"नाही. तसं ते म्हणाले नव्हते."

"आल्यावर सही केली त्यांनी?"

"लगेच केली. वाचलंसुद्धा नाही."

"मग?" आबा म्हणाले. रागाने नाही. इंजिनात नेमका कुठला भाग अडकला ते विचारावं, तसं.

केवळबाई उठल्या आणि आबांची औषधाची वेळ झाली म्हणून आत गेल्या. मी निघालो. कुणी थांबा म्हणालं नाही, जा पण म्हणालं नाही.

आता पेशंटने रेकॉर्ड मागितलं की मी दहा मिनिटांत कॉपी त्याच्या हातात ठेवतो. अर्ज नंतर लिहून घेतो. रजिस्टर महिन्याच्या शेवटी साहेबांपुढे नेतो आणि ते महिन्याभराच्या सह्या एकदम करतात. हे सुरू केलं तेव्हा मी घाबरलो होतो. साहेब काय म्हणतील याची तयारी करून गेलो होतो.

त्यांनी आजवर एकदाही काही विचारलेलं नाही.